पाच एचपीची मोटार आणि शंभर एचपीचा सैनिक

दिंडोरी तालुक्यात माझ्या बहिणीची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत तिच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाइलवर खेळणारा भाचा एकाएकी ओरडला, ‘‘माझा एचपी संपला, लवकर रिव्हाइव्ह कर!’’ विहिरीवरून नुकतेच आलेले दाजी जागीच थांबले आणि त्यांनी काळजीने विचारले, ‘‘कोणती मोटार बंद पडली? पाचची का साडेसातची?’’ घरात सगळे हसले, पण दाजींचा प्रश्न अगदी रास्त होता. ज्या घरात एचपी ही दोन अक्षरे हॉर्सपॉवर, म्हणजे अश्वशक्ती, म्हणून पंपाच्या पाटीवर आणि वीजबिलावर वाचली जातात, तिथे त्यांचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात यावा? भाच्याला विचारले तर तो म्हणाला, ‘‘मामा, एचपी म्हणजे हेल्थ.’’ मग ‘पी’ कशाचा, या प्रश्नावर मात्र तो अडला.

त्या दिवसापासून मुलांच्या तोंडचे हे शब्द मी जरा लक्ष देऊन ऐकू लागलो. त्यांची मुळे शोधत गेल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली: व्हिडिओ गेममधले फारच थोडे शब्द संगणकवाल्यांनी स्वतः घडवले आहेत. बहुतेक शब्द कुठल्या ना कुठल्या जुन्या उद्योगातून उचललेले आहेत, आणि तो उद्योग नीट समजून घेतला की शब्दाच्या अर्थाबरोबर खेळाचे नियम तसे का आहेत हेही उलगडते. नाशिककरांना तर हे उद्योग समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. तोफखाना देवळालीला आहे, विमानांचा कारखाना ओझरला आहे, नाण्यांचे संग्रहालय अंजनेरीला आहे, आणि एका शब्दासाठी पंचवटीपर्यंत गेले की पुरे.

एचपीचा प्रवास तोफखान्यापासून सुरू होतो, फक्त तो तोफखाना देवळालीचा नसून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा आहे. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने युद्धाचा सराव मेजावर करता येईल असा एक खेळ तिथल्या राजासमोर मांडला. पुढे तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाने तो खेळ सुधारून १८२४ मध्ये नियमांसह प्रसिद्ध केला. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘क्रीगश्पील’, म्हणजे शब्दशः युद्धखेळ. बुद्धिबळाप्रमाणे चौकोनी घरे न आखता त्याने खरा नकाशा पसरला, पलटणींच्या जागी ठोकळे ठेवले, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसवला. तोफ कोणत्या अंतरावरून डागली हे पाहायचे, फासा टाकायचा, जे दान पडेल ते तक्त्यात शोधायचे, आणि समोरच्या पलटणीचे किती नुकसान झाले ते पंचाने जाहीर करायचे, अशी त्याची रीत होती. सेनापती म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला तेव्हा, हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले आणि सैन्यात तो शिकवला जावा अशी शिफारस केली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की बुद्धिबळात प्यादे एकतर पटावर असते किंवा मेलेले असते, मधली अवस्था नसते. क्रीगश्पीलमध्ये पलटण थोडी घायाळ होऊ शकते, आणि ते घायाळ होणे आकड्यात मोजता येते. एचपीची बीजकल्पना हीच आहे. तिला नाव मिळायला मात्र आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

१९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत असे मेजावरचे युद्धखेळ खेळणाऱ्यांची मंडळे होती. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ नावाची नियमावली काढली, आणि तिच्यात साधा शिपाई एका घावात मरत असे. शेकडो शिपाई हलवणाऱ्या खेळाडूला त्याचे काही वाटत नाही. पण मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नसन यांनी प्रत्येक खेळाडूला एकच पात्र देऊन भुयारातल्या साहसांचा खेळ चालवायला सुरुवात केली, तेव्हा अडचण आली. आठवडेभर जपलेले, नाव ठेवलेले, घोडा आणि तलवार घेऊन दिलेले पात्र एका फटक्यात मेले की खेळाडू हिरमुसून जाई. आर्नसन यांच्याकडे अमेरिकी यादवी युद्धातल्या पोलादी चिलखताच्या जहाजांचे नियम तयार होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. किती गोळे सोसून ते तरंगत राहील, याचा आकडा त्या नियमांत असे. त्यांनी तो हिशोब जहाजावरून उचलून माणसाला लावला. ‘हिट पॉइंट्स’ म्हणजे किती फटके सोसता येतील त्याचे गुण. एचपीची फोड ही अशी आहे, आणि भाच्याच्या मोबाइलमधला सैनिक हा मुळात एक जहाज आहे असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच एचपी निम्मा उरला तरी तो लंगडत नाही, त्याचा हात थरथरत नाही आणि धावण्याचा वेग तसाच राहतो. आकडा शून्यावर येईपर्यंत जहाज तरंगते आणि शून्य झाले की बुडते. पुढे काही खेळांनी याच दोन अक्षरांची फोड ‘हेल्थ पॉइंट्स’ अशी केली, त्यामुळे भाचाही अगदीच चुकला नव्हता.

गायगॅक्स आणि आर्नसन यांच्या एकत्रित कामातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजावर खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या फक्त १००० प्रती होत्या, आणि खोक्यांत पुस्तिका भरण्याचे काम घरीच हाताने केले गेले. आज मुले जे शब्द वापरतात त्यांतला फार मोठा वाटा या एका खोक्यातून बाहेर पडला आहे. अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी तिथलाच; खेळाडूंपैकी कोणीही न चालवणारे, खेळ चालवणाऱ्याच्या ताब्यातले पात्र म्हणजे एनपीसी, तोही तिथलाच.

‘लेव्हल’ या शब्दापाशी मात्र थोडे रेंगाळायला हवे. आपल्याकडे गवंड्याच्या हातात जे साधन असते, ज्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की ओळ सपाट झाली असे समजतात, त्याला पाणसळ म्हणतात, आणि बांधकामावरची नवी पिढी त्यालाच लेव्हल म्हणते. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ हाच आहे. लॅटिनमध्ये ‘लिब्रा’ म्हणजे तराजू, आणि ‘लिबेला’ म्हणजे छोटा तराजू किंवा सपाटी पाहण्याचे साधन. सपाटीवरून तो शब्द मजल्याकडे गेला. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये भुयाराला एकाखाली एक मजले असत आणि जितके खोल उतरावे तितके राक्षस भयंकर होत जात. तिथे लेव्हल म्हणजे खरोखरच मजला होता. पण त्याच खेळात पात्राची तयारी, मंत्राची ताकद आणि राक्षसाचे बळ यांनाही लेव्हलच म्हटले होते. हा गोंधळ गायगॅक्स यांना ठाऊक होता. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे की या गोष्टींना वेगवेगळे शब्द द्यावेत असा विचार सुरुवातीला झाला होता, पण लेव्हल हा शब्द तोवर सगळ्यांच्या तोंडी बसला होता. त्यामुळे ‘मी चाळीस लेव्हलचा आहे’ आणि ‘मी चाळिसाव्या लेव्हलला आहे’ ही दोन वाक्ये आजही वेगळी आहेत. पहिल्यात माणसाची तयारी आहे, दुसऱ्यात मजला.

‘बॉस’ हा शब्द सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोज ऐकू येतो आणि त्याचे मूळही कामाच्या जागेवरचेच आहे: डच भाषेत ‘बास’ म्हणजे मालक किंवा मुकादम, आणि अमेरिकेत वसलेल्या डचांकडून तो इंग्रजीत आला. खेळाच्या शेवटी वाट अडवून बसलेला मोठा शत्रू ही कल्पना १९७५ मध्ये प्लेटो या विद्यापीठीय संगणक-व्यवस्थेवरच्या ‘डीएनडी’ नावाच्या खेळात दिसते. तिथे खजिन्यावर एक सोनेरी ड्रॅगन पहाऱ्याला होता. विद्यापीठातलाच आणखी एक शब्द म्हणजे ‘मॉब’. खेळात फिरणाऱ्या किरकोळ शत्रूंना मुले मॉब म्हणतात आणि त्याचा अर्थ जमाव असा लावतात. तो जमाव नव्हे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा, केवळ शब्दांतून चालणारा खेळ तयार केला. त्यातल्या हलत्या प्राण्यांना ‘मोबाइल’, म्हणजे चालतेफिरते, असे नाव होते आणि मॉब हे त्याचे लघुरूप आहे. हातातल्या मोबाइलमध्येच मोबाइल फिरत आहेत, हे ऐकून भाच्याला फार गंमत वाटली.

अंजनेरीच्या नाणे-संग्रहालयात पायथ्याशी उतरून दोन तास घालवावेत असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि खेळांच्या शब्दांसाठी तर नाण्याचा विचार केल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘आर्केड’ म्हणजे मुळात कमानींची ओळ. लॅटिन ‘आर्कस’ म्हणजे कमान. युरोपात कमानींखालच्या छपरी गल्ल्यांत दुकाने असत, पुढे तशाच जागांत नाणे टाकून चालणारी करमणुकीची यंत्रे आली, आणि शब्द जागेवरून यंत्रांना चिकटला. त्या यंत्रांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिनबॉल: उतरत्या पटावरून घरंगळणारी गोळी दोन दांड्यांनी पुन्हा पुन्हा वर उडवायची. माझ्या लहानपणी रविवार कारंजाजवळच्या एका पार्लरमध्ये असे एक यंत्र होते, आणि तीन गोळ्यांत जितके खेळता येईल तितके खेळून झाले की बाजूला व्हावे लागे. गोळी खालच्या फटीत गेली की ती गेली. पुढची गोळी आपोआप वर येई. व्हिडिओ गेममधले ‘तीन लाइफ’ हे त्या तीन गोळ्यांचेच वारस आहेत. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला तेव्हा खेळाडूलाही गोळ्यांऐवजी तोफा मोजून मिळाल्या. एका नाण्यात किती वेळ खेळू द्यायचे, हा यंत्राच्या मालकाचा प्रश्न होता आणि लाइफ हे त्याचे उत्तर होते. ‘क्रेडिट’ म्हणजे टाकलेल्या नाण्याची जमा. ‘कंटिन्यू’ म्हणजे आणखी एक नाणे. ‘वन-अप’ म्हणजे मुळात पहिल्या खेळाडूची पाळी, आणि १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधल्या हिरव्या अळंबीमुळे त्याचा अर्थ जादा जीव असा पक्का झाला. आज घरात बसून खेळणारा मुलगा कोणत्याही यंत्रात नाणे टाकत नाही, तरीही तीन जीव संपले की खेळ संपतो, याचे कारण त्या जुन्या नाण्यात आहे.

पिनबॉलचा आणखी एक शब्द मला फार आवडतो, कारण त्यामागे एक साधे, हाताने करून पाहता येईल असे यंत्र आहे. हरत चाललेला, चिडून वेडेवाकडे खेळणारा खेळाडू ‘टिल्ट झाला’ असे आजची मुले म्हणतात. पिनबॉलचे यंत्र हलवून, उचलून गोळी हवी तिकडे नेण्याची लबाडी लोक करत. तिला आळा घालण्यासाठी यंत्राच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक धातूचा लंब टांगलेला असे आणि त्याच्याभोवती, त्याला न टेकणारे, एक धातूचे कडे असे. यंत्र फार हलवले की ओळंबा झुलून कड्याला टेकायचा, विद्युतमंडल पूर्ण व्हायचे, पाटीवर ‘टिल्ट’ हा शब्द उजळायचा आणि दोन्ही दांड्या निर्जीव व्हायच्या. संयम सुटून यंत्राला धक्के देणाऱ्या माणसावरून तो शब्द पत्त्यांच्या पोकरमध्ये गेला आणि तिथून व्हिडिओ गेममध्ये आला. पाणसळ आणि ओळंबा ही गवंड्याची दोन्ही हत्यारे या शब्दांच्या मुळाशी सापडावीत, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

ओझरचा शब्द थोडक्यात सांगता येतो. तिथे मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० ही लढाऊ विमाने तयार झाली. विमान वरखाली आणि डावीउजवीकडे वळवण्याची वैमानिकाच्या हातातली दांडी म्हणजेच ‘जॉयस्टिक’, आणि तो वैमानिकांचा बोलीतला शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये जर्मनांनी विमानातून सोडलेला हेन्शेल एचएस २९३ हा बॉम्ब दूरवरून अशाच छोट्या विद्युत दांडीने वळवला जाई. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीच्या यंत्रांबरोबर ती दांडी १९७० च्या दशकात घराघरांत पोचली.

‘ईस्टर एग’ हा शब्द मात्र कोणत्याही धंद्यातून आला नाही. तो एका माणसाच्या स्वाभिमानातून आला, आणि मला या सगळ्या शब्दांत तो सर्वांत जवळचा वाटतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अटारीमध्ये एक खेळ बहुधा एकच माणूस बनवत असे. कल्पना, चित्रे, आवाज, प्रोग्रॅम सगळे त्याचेच. पण खोक्यावर त्याचे नाव नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ बनवताना एका किल्ल्याच्या चक्रव्यूहात पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एका ठिपक्याएवढा, जवळजवळ न दिसणारा कण ठेवला. तो कण उचलून ठराविक दालनात नेला की भिंतीतून पलीकडे जाता येई, आणि तिथल्या गुप्त खोलीत रंग बदलत चमकणारी अक्षरे दिसत: हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी बनवला. त्यांनी हे कोणालाही सांगितले नाही आणि खेळ बाजारात येण्याआधीच नोकरी सोडली. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाने कंपनीला पत्र लिहून ती खोली कळवली. ते काढून टाकण्यासाठी चिपचा साचा नव्याने करणे खर्चाचे होते. तेव्हा तिथले अधिकारी स्टीव्ह राइट यांनी सुचवले की ईस्टरच्या सणाला बागेत लपवलेली रंगीत अंडी मुले शोधतात, तशा या लपवलेल्या गोष्टी राहू द्याव्यात, किंबहुना मुद्दाम ठेवाव्यात. नाव न मिळण्याच्या याच दुःखातून अटारीच्या काही प्रोग्रॅमरांनी १९७९ मध्ये बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढण्यात वाटा उचलला, आणि त्यांनी खेळ बनवणाऱ्याचे नाव उघडपणे छापायला सुरुवात केली. पांडवलेण्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे वाचायला मिळतात. छिन्नी चालवणाऱ्याचे नाव सहसा नजरेस पडत नाही. रॉबिनेट यांचा तो ठिपका आठवला की मी लेण्यांच्या भिंती आता अधिक बारकाईने पाहतो.

काही शब्दांची मुळे मुलांना सांगताना जड जाते. मारलेल्या शत्रूंच्या संख्येला ‘फ्रॅग’ म्हणतात. व्हिएतनाम युद्धात काही अमेरिकी सैनिकांनी आपल्याच अधिकाऱ्यांना तुकडे होऊन फुटणाऱ्या हातबॉम्बने मारले, त्या कृत्याला सैनिकी बोलीत हे नाव होते, आणि १९९३ च्या ‘डूम’ या व्हिडिओ गेममुळे ते खेळांत रुळले. ‘बॅटल रॉयल’ हा सतराव्या शतकातला कोंबड्यांच्या झुंजीचा शब्द आहे: अनेक कोंबडे एकाच रिंगणात सोडायचे आणि एकच उरेपर्यंत थांबायचे. शंभर जणांना एका बेटावर उतरवणाऱ्या खेळाला याहून नेमके नाव मिळाले नसते. ‘रिस्पॉन’ मात्र निरुपद्रवी आहे. स्पॉन म्हणजे मासे किंवा बेडूक पाण्यात सोडतात ती अंडी. आपल्याकडे मत्स्यशेती करणारे त्यातून निघालेल्या अगदी बारीक पिलांना मत्स्यजिरे म्हणतात. संगणकशास्त्रात एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला जन्माला घालणे म्हणजे स्पॉन, आणि तिथून तो शब्द मेलेला खेळाडू पुन्हा प्रकट होण्यापर्यंत आला.

आता आपले शब्द. देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिला आहे हे अनेकांना ठाऊक असेल: मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, त्याला ते ‘डुलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातला टॅप हा आपला ताप आहे. पण मुलांच्या खेळात दोन आपले शब्द त्याहून ठळक आहेत. पहिला ‘लूट’. मेलेल्या शत्रूची पेटी उघडून ‘लूट उचल’ असे भाचा म्हणतो तेव्हा त्याला वाटते की तो इंग्रजी बोलतो आहे. संस्कृत ‘लुण्ट्’ धातूपासून आलेला हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतातूनच इंग्रजीत गेला. भाचा ज्या दिंडोरीत बसून हे म्हणतो, त्याच वणी-दिंडोरीच्या परिसरात १७ ऑक्टोबर १६७० रोजी सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगल फौजेशी लढून सुरतेची लूट राखली होती. हे सांगितल्यावर भाच्याने मोबाइल खाली ठेवला आणि ती लढाई नेमकी कुठल्या रानात झाली, ते विचारू लागला.

दुसरा शब्द ‘अवतार’. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा’ मालिकेच्या चौथ्या खेळात हा शब्द शीर्षकात आणला. तिथे अवतार होणे म्हणजे सद्गुण अंगी बाणवलेला पुरुष होणे, असे ध्येय होते. १९८६ मध्ये लुकासफिल्म गेम्सच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी तो आजच्या अर्थाने वापरला: फोनच्या तारेने जोडलेल्या अनेक लोकांच्या वतीने पडद्यावर वावरणारी आकृती. साधे ‘पात्र’ म्हटले असते तरी चालले असते, पण अवतार अधिक नेमका आहे. ‘अव’ म्हणजे खाली, आणि ‘तॄ’ म्हणजे पार करणे किंवा तरणे. अवतरणे म्हणजे वरच्या लोकातून खालच्या लोकात उतरणे. उतरणारा आपल्या मूळ जागी असतोच, आणि खालच्या लोकाचे नियमही त्याला लागू होतात. पंचवटीत सीतेच्या विरहात रडणारा राम हा विष्णू असूनही माणसासारखा रडतो, कारण तो त्या लोकात उतरला आहे. ओट्यावर बसलेला भाचाही तसाच सुखरूप ओट्यावर असतो, आणि खाली त्या बेटावर त्याचा एचपी संपत असतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हाच मुलगा दहा अवतारांची नावे घडाघडा म्हणतो, आणि मोबाइल हातात घेतला की ‘अ‍ॅव्हटार’ बदलतो. दोन्ही शब्द एकच आहेत हे त्याला सांगितले, तेव्हा त्याच्या आजीने आतून विचारले, ‘‘मग याचा कोणता?’’